निसारभाईंची लख्ख टाकी

सारडा सर्कलपासून आत वळलं की पंक्चरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं एक दुकान लागतं. पाटीवर ‘माहेनूर अ‍ॅक्वेरियम’ असं लिहिलंय. माहेनूर ही निसारभाईंची मुलगी. ती लग्न होऊन मालेगावला गेली त्याला आता सात वर्षं झाली, पाटी मात्र तशीच आहे. गेल्या मार्चपर्यंत या दुकानात शिरणाऱ्याच्या नजरेत आधी मासे भरत नसत, काच भरायची. टाकीला काच आहे की मासे नुसतेच हवेत पोहतायत, असं वाटावं इतकी ती स्वच्छ असायची. दर शुक्रवारी सकाळी, नमाजला जायच्या आधी, निसारभाई दुकानातल्या बावीसच्या बावीस टाक्या स्वतःच्या हाताने धुवायचे. हे काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही.

धुण्याचं हे वेड त्यांनी मासेवाल्यांकडून नाही, बापाकडून घेतलं होतं. त्यांचे वडील, उमरमियाँ, येवल्यात पैठणीच्या विणकरांना रेशीम रंगवून देत. उमरमियाँनी मुलाला तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, भांडं असं घासायचं की त्यात आपलं तोंड दिसलं पाहिजे. कालच्या लालाचा नखभर अंश जरी कडेला राहिला तरी आजचा पिवळा केशरी होतो, आणि मग विणकर दारात येऊन उभा राहतो. दुसरी, पाणी आधी जिभेवर ठेवायचं. खारं पाणी रेशीम खातं, त्याचा रंग फाटतो. तिसरी, रंग कधीही घरात बघायचा नाही. रेशमाची लड हातात घेऊन उंबऱ्यावर यायचं, उजेडात धरायची, आणि मगच बोलायचं.

पुढे रंगवलेलं रेशीम बाहेरून तयार येऊ लागलं, भट्टी थंड झाली आणि निसारभाई नाशकात आले. एका माशांच्या दुकानात नोकरी, मग स्वतःचं दुकान, असं करत तीस वर्षं गेली. बापाच्या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन त्यांनी या धंद्यात आणल्या. तिसरीचा उपयोग नव्हता, कारण मासे रंगवायचे नसतात. जिभेचा मात्र त्यांना भारी अभिमान. गिऱ्हाईक बाटलीतून घरचं पाणी घेऊन आलं की ते बोट बुडवून जिभेला लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, “बोअरचं आहे. नळाचं वापरा.” आणि ते खरंच बोअरचं असायचं. ही करामत पाहायला लोक उगाच बाटल्या घेऊन यायचे.

घरोघरच्या टाक्या महिन्याला साफ करून द्यायचं कामही ते घेत. ती सफाई म्हणजे एक सोहळाच असायचा. मासे बादलीत काढायचे, टाकीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत ओतून द्यायचं, तळाचे खडे उकळत्या पाण्याने धुऊन गच्चीवर उन्हात वाळत घालायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा. काच पुसून झाली की ते गिऱ्हाइकाला समोर उभं करून विचारायचे, “तोंड दिसतंय का?” घरातली माणसं खूश व्हायची. मग पाच-सहा दिवसांनी, सगळीकडे नाही पण बऱ्याच ठिकाणी, एखाद-दुसरा मासा मलूल व्हायचा किंवा मरायचा. माणूस दुकानात यायचा आणि निसारभाई त्याला एकच प्रश्न विचारायचे: “खायला किती घालता?”

आता मासे पाळणारा प्रत्येक माणूस जास्तच खायला घालतो. पाळलेल्या माशावर माया करायचा दुसरा मार्गच नसतो, त्याला जवळ घेता येत नाही की फिरायला नेता येत नाही. त्यामुळे हा प्रश्न विचारला की समोरचा वरमायचा. हो, परवा जरा जास्त पडलं खरं. मग निसारभाई मान हलवायचे, एक निळ्या औषधाची बाटली द्यायचे, आणि निकाल लागायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, पण निसारभाईंनी ते कधी लबाडीने केलं नाही. इतक्या लख्ख टाकीत मासा मरतो तर दोष माणसाच्या हाताचाच असणार, असं त्यांना मनापासून वाटायचं. लबाड असते तर त्यांची गोष्ट सांगायची मला गरज वाटली नसती.

विठाबाई त्यांच्या दुकानात महिन्याला एकदा यायच्या, माशाच्या दाण्यांचा डबा न्यायला. उपनगर भागातल्या बौद्ध कॉलनीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. विठाबाईंचे मालक धोंडीराम एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निसारभाईंकडून चार फुटी टाकी आणि ऑस्कर जातीचे मासे घेतले होते. दोन वर्षांपूर्वी धोंडीराम गेले. टाकीत आता एकच ऑस्कर उरला होता, वीतभर लांबीचा, काळ्या अंगावर विस्तवासारखे पट्टे असलेला. कुणीही घरात आलं की तो काचेला तोंड लावून त्याच्याकडे रोखून बघायचा आणि माणूस जाईपर्यंत टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायचा. धोंडीरामांनी त्याचं नाव फौजदार ठेवलं होतं. विठाबाईंच्या हातून तो दाणा घ्यायचा, आणि त्या स्वयंपाकघरात बोलत असल्या तरी तिकडे तोंड करून थांबायचा. मालकांच्या मागे त्या घरात विठाबाईंची वाट बघणारं एवढंच होतं, कारण मुलगी संजना अंबडच्या एका पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि दिवसभर बाहेर असायची.

मार्चमध्ये संजनाचा साखरपुडा ठरला. पाहुणे घरीच येणार होते. टाकीवरची ट्यूब गेली होती म्हणून विठाबाईंनी निसारभाईंना बोलावून घेतलं, नुसती ट्यूब बसवायला. कितीतरी वर्षांनी ते या घरात आले आणि टाकी बघून दारातच थबकले. मागच्या काचेवर हिरवं शेवाळ, खड्यांवर तपकिरी थर, स्पंज तर काळा आणि बुळबुळीत.

“भाभी, ही काय हालत केली?” ते म्हणाले. “माझ्या दुकानातली टाकी आहे ही.”

“माझी कंबर वाकत नाय, निसारभाई. दोन दिसाआड दोन बादल्या पाणी काढून झाडांना घालते, तेवढंच ताजं भरते. गुलाबाला लय मानवतं ते पाणी.”

“आणि पावणे काय म्हणतील? पोरीच्या सासरची माणसं.”

“ते पोरगी बघायला येतायत, मासा नाय,” विठाबाई म्हणाल्या. “तुम्ही तेवढी ट्यूब लावून द्या.”

पण निसारभाईंनी ऐकलं नाही. पैसे घेणार नाही म्हणाले, भावाच्या पोरीचा साखरपुडा समजतो म्हणाले. इतक्या प्रेमाने कुणी काम अंगावर घेतलं की नाही म्हणणं जड जातं. शुक्रवारी दुपारी, नमाजहून परस्पर, ते आले आणि त्यांनी तीन तास राबून ती टाकी धुतली. फौजदार बादलीत उभ्या उभ्या त्यांच्याकडे बघत होता. संजना संध्याकाळी घरी आली तेव्हा नव्या ट्यूबखाली टाकी झगझगत होती. “तोंड दिसतंय का, बेटा?” निसारभाईंनी विचारलं. संजनाने खाली ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र स्पंजाकडे बघितलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात ब्लाऊज शिवणारी मंजुषा आली आणि ते राहून गेलं.

रविवारी पाहुणे आले. नवऱ्या मुलाचा मनमाडचा मामा टाकीसमोरून हलेना. “ह्यात पाणी भरलंय का नाय?” असं त्यानं दोनदा विचारलं. विठाबाईंनी त्याला निसारभाईंचा नंबर दिला.

बुधवारी अकराच्या सुमाराला निसारभाईंचा फोन वाजला. “फौजदार आडवा झालाय,” विठाबाई म्हणाल्या.

निसारभाई स्कूटर काढून निघाले. टाकी अजूनही लख्खच होती. फौजदार वरच्या कोपऱ्यात, तोंड पाण्याच्या वर काढून, कल्ले भराभरा हलवत तिरका लोंबकळत होता. अंगावरचे पट्टे विझून राखेसारखे झाले होते आणि परांच्या मुळाशी रक्ताच्या रेघा उमटल्या होत्या. निसारभाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं. गोड, हलकं, नळाचं पाणी.

“पाणी तर अव्वल आहे,” ते म्हणाले. मग वळून त्यांनी विचारलं, “खायला काय घातलं होतं?”

विठाबाईंनी पदर तोंडाला लावला. “रविवारी चार झिंगे घातले. म्हटलं, पोरीचं कार्य हाय, ह्यालाबी गोड व्हावं. आन् पावण्यांच्या बारक्यानं पेढ्याचा चुरा टाकला, मला दिसलं पण मी बोलले नाय.”

“बस. आतून पोट बिघडलं. भाभी, या वयात झिंगे घालतात का त्याला?”

ते रागावून बोलले नाहीत, पण विठाबाईंना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. अकरा वर्षं सांभाळलेला जीव, मालकांची शेवटची आठवण, आणि तो आपण चार झिंग्यांनी मारला. निसारभाईंनी पिशवीतून निळं औषध काढलं. तेवढ्यात दार वाजलं. आईचा फोन गेल्यावर संजना अर्धी रजा टाकून आली होती. तिच्या हातात दोन छोट्या बाटल्या आणि काचेची एक नळी होती.

“चाचा, औषध नका घालू. पाच मिनिटं द्या मला,” ती म्हणाली. “आई, चहा टाकतेस का?”

विठाबाई स्वयंपाकघरात गेल्या. संजनाने नळीत टाकीतलं पाणी घेतलं, दोन्ही बाटल्यांतले थेंब मोजून टाकले, नळी हलवली आणि उभी धरली. “पाणी चांगलं असेल तर हे पिवळं राहतं,” ती म्हणाली.

ते पिवळं राहिलं नाही. बघता बघता ते हिरव्याकडे झुकायला लागलं. संजना पिशवीतून रंगांचा तक्ता काढत होती तोवर निसारभाईंनी तिच्या हातातून नळी घेतली आणि ते बाल्कनीत गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तीस वर्षांत त्यांनी उंबऱ्यावर उभं राहून रंग बघितला नव्हता. नळी उन्हात धरून त्यांनी डोळे बारीक केले.

“पोपटी नाही हा,” ते हळू म्हणाले. “पोपटीच्या पुढे गेलाय. कैरीच्या सालीचा आहे.”

संजनाने तक्ता आणून नळीशेजारी धरला. शेवटून दुसरा चौकोन. बरोबर कैरीच्या सालीचा.

“अमोनिया,” ती म्हणाली. “माशाच्या विष्ठेतून येतो, त्याच्या कल्ल्यांतूनही बाहेर पडतो. ह्याच्यापेक्षा कितीतरी कमी असला तरी मासा भाजतो आतून. पण पाण्याचा रंग बदलत नाही, वास येत नाही, आणि चाचा, एवढ्याशानं जिभेलाही कळत नाही.”

“मग आजवर का नाही झालं? टाकी तर घाणेरडी होती.”

“ती घाण नव्हती सगळी. त्या स्पंजावर आणि खड्यांवर जो बुळबुळीत थर होता ना, त्यात जिवाणू असतात. अमोनिया खाऊन ते त्याला बिनविषारी करतात. ते जमायला महिने लागतात. विरजणासारखं असतं ते. तुम्ही विरजणाचं भांडं उकळत्या पाण्यानं धुतलंत आणि मग त्यात दूध ओतलंत.” तिचा आवाज चढला नव्हता. “चूक माझीही आहे. शुक्रवारी स्पंज बघितला तेव्हा माझ्या मनात आलं होतं. साखरपुड्याच्या गडबडीत मी बोलले नाही.”

“आणि झिंगे?”

“विरजण जिवंत असतं तर त्यानं चार झिंगे पचवले असते.”

निसारभाईंच्या हातात नळी तशीच होती. तुमची जीभ चुकली असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते भांडले असते. पुस्तकातलं सांगितलं असतं तर पोरगी दोन बुकं शिकून आली म्हणून हसले असते. पण रंग त्यांनी स्वतः वाचला होता, तोही तक्ता बघायच्या आधी. उजेडात धरलेल्या रंगाशी वाद घालायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती.

“आईला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“नाही,” संजना म्हणाली. “ते तुम्ही सांगा.”

विठाबाई चहा घेऊन आल्या. ट्रे हातात धरून त्यांनी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. “काय म्हणती पोरगी? माझ्यामुळंच ना?”

निसारभाईंनी कप उचलला. ‘तुमच्यामुळं नाही, माझ्यामुळं’, एवढंच वाक्य होतं, आणि ते ओठापर्यंत आलंही होतं. “बघू भाभी,” ते म्हणाले. “आधी मासा वाचवू.”

मासा वाचवायचा तर दोन गोष्टी हव्या होत्या. एक, रोज थोडं थोडं पाणी बदलून विष पातळ करत राहायचं. दुसरी, कुठूनतरी जुन्या, चालत्या टाकीतला घाण स्पंज आणून इथे लावायचा, म्हणजे विरजण पुन्हा धरेल. पहिलं सोपं होतं. दुसऱ्यापाशी निसारभाईंचा हात कपाळाला गेला. त्यांच्या दुकानातल्या बावीस टाक्यांत मुठीएवढी घाण शिल्लक नव्हती; तिथले मासे लहान आणि सगळं पाणी दर शुक्रवारी नवं, म्हणून तिथे विष साचत नसे. गिऱ्हाइकांच्या घरच्या टाक्या त्यांनीच धुतलेल्या. सगळ्या नाशकात त्यांना घाणेरडी टाकी आठवत होती ती एकच, सीबीएस बसस्थानकाजवळच्या नवनाथ चहावाल्याची. गल्ल्यामागे ठेवलेल्या त्या टाकीतलं पाणी चहाच्याच रंगाचं असायचं आणि गोल्डफिश मात्र बटाट्यासारखे गुबगुबीत. दोन वर्षांपूर्वी निसारभाई त्याला म्हणाले होते, “गटारात मासे पाळतोस.” तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

निसारभाई गल्ल्यासमोर जाऊन उभे राहिले. “नवनाथ, तुझा स्पंज पाहिजे. अर्धा दिला तरी चालेल.”

“धुवायला?” नवनाथने चहा गाळता गाळता विचारलं.

“नाही. न धुता. घाणीसकट.”

नवनाथने गाळणी बाजूला ठेवली. चार गिऱ्हाइकं बाकड्यावर बसली होती, त्यांच्याकडे एकदा बघून घेऊन तो म्हणाला, “गटारातला चालेल का पण?”

“चालेल. तेव्हा मी चुकलो होतो. तुझी टाकी चांगली आहे.”

आता भांडण उकरून काढण्यात मजा नाही हे नवनाथला कळलं असावं. त्याने कात्रीने स्पंज मधोमध कापला आणि पिशवीत टाकीतलंच पाणी घालून बांधून दिला. चहाही दिला. निसारभाई स्कूटरच्या हँडलला ती पिशवी अडकवून निघाले आणि खड्ड्यांतून अशा बेताने चालवत गेले की मागून रिक्षावाले हॉर्न मारत होते. चहावाल्यापुढे चूक कबूल करताना त्यांची जीभ अडखळली नव्हती, हे त्यांच्या वाटेतच लक्षात आलं. मग विठाबाईंसमोरच का अडखळली, याचा विचार त्यांनी पुढे ढकलला.

त्यानंतर रोज दुपारी ते दुकान तासभर बंद करून उपनगरला जात. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी, त्यातला क्लोरीन मारायचे थेंब, दोन बादल्या बाहेर, दोन बादल्या आत. मग नळी घेऊन बाल्कनीत. संजनाने बाटल्या त्यांच्याकडेच देऊन टाकल्या होत्या, आणि तक्त्याची त्यांना गरज नव्हती. गुरुवारी कैरीच. शनिवारी पोपटी. सोमवारी कोवळ्या चिंचेच्या पानाचा. फौजदार दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातून खाली आला आणि खड्यांवर पडून राहिला, चौथ्या दिवशी उभा राहिला. एका डोळ्यावर पांढरी साय धरली ती पुढेही गेली नाही. रोज रिकाम्या बादल्या उचलताना निसारभाई मनाशी म्हणायचे की आज सांगू, आणि रोज विठाबाई म्हणायच्या, “तुम्ही होता म्हणून वाचला, निसारभाई. माझ्या हातानं तर गेलाच होता,” आणि ते चप्पल घालून बाहेर पडायचे.

त्या शुक्रवारी त्यांनी दुकानातल्या टाक्या धुतल्या नाहीत. पुढची काच तेवढी पुसली. सुरय्या, त्यांची बायको, जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा ते एका टाकीतल्या स्पंजाकडे बघत बसले होते. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि डबा उघडत विचारलं, “हे मला सांगताय. त्या बाईला सांगितलं का?”

“इतकी वर्षं झाली, सुरय्या. एकीला सांगितलं तर सगळ्यांनाच सांगावं लागेल.”

“मग लागेल,” ती म्हणाली आणि पोळी त्यांच्या ताटात ठेवली.

खरं दुखणं तेच होतं. विठाबाईंची समजूत घालणं अवघड नव्हतं. पण ते वाक्य एकदा तोंडातून निघालं की मागे जाणार होतं. इंदिरानगरच्या एका मास्तरांपर्यंत, पंचवटीतल्या जुळ्या पोरींपर्यंत, ज्यांना ज्यांना त्यांनी “खायला किती घालता?” असं विचारून खाली मान घालायला लावलं होतं त्या सगळ्यांपर्यंत. तीस वर्षं लोक मेलेला मासा पिशवीत घेऊन त्यांच्याकडे न्याय मागायला आले, आणि ज्याच्याकडे आले त्याच्याच हातून तो मेला होता. या गोष्टीची त्यांना भीती वाटत होती, साधी सरळ भीती, आणि ती स्वतःशी कबूल करायलाही त्यांना आठवडा लागला.

अकराव्या दिवशी नळी पिवळी राहिली. निसारभाईंनी ती उन्हात दोनदा फिरवून बघितली. हळदीच्या पाण्याचा पिवळा, हिरव्याची छटाही नाही. आत येऊन ते म्हणाले, “भाभी, आजपासून त्याला खायला चालेल.”

विठाबाईंनी डबा काढला. पण हात घातला नाही. त्यांनी स्वयंपाकघरातून एक छोटा चमचा आणला, त्यात दाणे घेतले, एक खाली काढला, अजून एक काढला, आणि तो चमचा निसारभाईंपुढे केला. “एवढं चालंल? का कमी करू?”

चमच्यात तीन दाणे होते. वीतभर माशाला तीन दाणे. फौजदार काचेशी येऊन, चांगला डोळा त्यांच्याकडे करून, हात पाण्यात यायची वाट बघत होता.

“चमचा ठेवा भाभी,” निसारभाई म्हणाले. “तुमच्या हातानं काही झालं नव्हतं. माझ्या हातानं झालं. मी टाकी धुतली म्हणून झालं.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, स्पंजाचं, विरजणाचं, नळीतल्या रंगाचं. मध्ये एकदाही थांबले नाहीत. थांबलो तर पुढचं राहील असं त्यांना वाटत होतं.

विठाबाई चमचा हातात धरून ऐकत होत्या. त्यांच्या तोंडावर राग आला नाही. सुटल्यासारखंही काही दिसलं नाही.

“म्हंजे सगळं एकदम धुतलं की मरतात?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग ती दुसरी?”

“कोण दुसरी?”

“ह्याची जोडीदारीण. तुम्ही दोन दिली होती ना आमच्या ह्यांना. पैल्यांदा तुम्ही टाकी धुऊन दिली अन् आठवड्यात ती गेली. हे तिला पिशवीत घालून तुमच्याकडं घेऊन आले होते. तुम्ही इचारलं, खायला काय घातलं. तर ह्यांनी भाकरीचा तुकडा घातला होता.”

निसारभाईंनी आठवायचा प्रयत्न केला. दुकान आठवलं, काउंटर आठवला, खाकी शर्टातले धोंडीरामही आठवले. ती पिशवी आठवेना. तो त्यांच्यासाठी शेकडो दिवसांतला एक दिवस होता.

“त्यानंतर ह्यांनी टाकीत हात घातला नाय,” विठाबाई म्हणाल्या. “मरेस्तोवर. मला म्हणायचे, तूच घाल, माझ्या हाताला यश नाय. खुर्ची टाकून लांबून बघत बसायचे. मी म्हणायची, निसारभाईंना बोलवा, टाकी धुऊन देतील. तर म्हणायचे, त्यांच्या म्होरं कोणत्या तोंडानं जाऊ.” त्यांनी चमच्यातले दाणे परत डब्यात ओतले. “मला सांगून काय करता, निसारभाई? हे त्यांना सांगायला पायजे होतं.”

“हो,” निसारभाई म्हणाले. “त्यांनाच.”

आत कुकरची शिट्टी झाली तरी विठाबाई उठल्या नाहीत. फौजदार फेऱ्या घालून घालून मधोमध येऊन थांबला होता. त्याच्याकडे बघून विठाबाईंनी उघडा डबा निसारभाईंपुढे धरला.

“आज तुम्हीच घाला,” त्या म्हणाल्या. “हातानं.”

निसारभाईंनी चिमटीत दाणे घेतले. फौजदार वर आला, तोंड उघडून अगदी पाण्याच्या कडेपर्यंत आला, आणि टाकीवर धरलेला तो हात निसारभाईंना कितीतरी वेळ खाली नेता आला नाही.